तीन वेबमेल खाती एकाच मेल प्रोग्रॅममध्ये: कोण कसं वापरतं?

विद्या_अंबड

नमस्कार मंडळी,

अंबड एमआयडीसीत आमचं सीएनसी जॉबवर्कचं छोटं युनिट आहे. ऑफिस म्हणजे मी आणि अकाउंट्स बघणारा एक मुलगा. मेलची खाती तीन. जीमेलवर ग्राहकांची ड्रॉइंग्ज आणि पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) येतात. याहूचं खातं सासऱ्यांनी उघडलेलं, जुने पुरवठादार अजून त्यावरच कोटेशन पाठवतात. तिसरं आमच्या डोमेनचं, ते होस्टिंगवाल्याच्या वेबमेलमध्ये उघडतं. दिवसभर तीन टॅब उघडे असतात. त्यातला एक कधी लॉगआउट झाला ते कळत नाही, आणि नेमकं त्यावरच काहीतरी महत्त्वाचं आलेलं असतं.

त्यात सिंहस्थाच्या कामांसाठी जिकडेतिकडे खोदकाम. केबल तुटली की दुपार दुपार नेट नसतं. मशीनवर जॉब लागलेला, ऑपरेटर विचारतो की नवीन रिव्हिजनमध्ये बोअरचा टॉलरन्स (छिद्राच्या मापात चालणारा फरक) बदललाय का, आणि ड्रॉइंग मेलमध्ये अडकलेलं. मोबाइलच्या पडद्यावर ए-थ्री ड्रॉइंग वाचून मटेरियल कापायला लावणं मला पटत नाही.

म्हणून तिन्ही खाती थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये घ्यायचं ठरवलंय. जीमेल जोडलं गेलं. याहू मात्र पासवर्ड घेत नाही, तोच पासवर्ड ब्राउझरमध्ये बिनबोभाट चालतो. शिवाय जीमेलची १५ जीबी जागा भरत आली आहे. जुनं मेल संगणकावर उतरवून तिथून काढलं तर चालतं का? ज्यांची कामं मेलवर चालतात त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

चामरलेणी

आयमॅपने जोडा (मेल सर्व्हरवरच राहतं, सगळीकडे सारखं दिसतं), पॉपने नको (मेल एका संगणकावर उतरतं). बाकीचं सोमेश्वर सांगेल, त्याचा रोजचा धंदाच आहे.

सोमेश्वर

आलो. विद्याताई, तुमचा याहूचा पासवर्ड बरोबरच आहे, फक्त तो द्यायची पद्धत बदलली आहे. थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये याहूच्या खात्याखाली 'सर्व्हर सेटिंग्ज' उघडा. तिथे ऑथेंटिकेशन मेथड बहुतेक 'नॉर्मल पासवर्ड' दिसेल. ती 'ओऑथ-२' करा. मग एका छोट्या खिडकीत याहूचंच लॉगिनचं पान उघडेल. पासवर्ड, ओटीपी जे काय असेल ते तिथे द्यायचं. याहू त्या बदल्यात थंडरबर्डला एक टोकन देतं आणि पुढे सगळा व्यवहार त्या टोकनवर चालतो. हाच बदल 'आउटगोइंग सर्व्हर'मध्येही करायचा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी या एकाच गोष्टीच्या असतात: मेल येतं पण जात नाही, कारण आवक बदलली आणि जावक तशीच राहिली.

ज्यांच्याकडे जुना प्रोग्रॅम आहे आणि त्यात ओऑथचा पर्याय नाही, त्यांनी याहूच्या 'अकाउंट सिक्युरिटी'त जाऊन ॲप पासवर्ड, म्हणजे त्या प्रोग्रॅमपुरता वेगळा पासवर्ड, बनवावा. जीमेललाही तशी सोय आहे, पण टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू असेल तरच. सोळा अक्षरांचा असतो, एकदाच दिसतो, आणि खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की आपोआप रद्द होतो.

यूट्यूबवर अजून जुने व्हिडिओ फिरतात, 'लेस सिक्युअर ॲप्स चालू करा' म्हणणारे. त्यांच्या मागे लागू नका. गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी ती वाट ३० मे २०२२ पासून बंद केली. हॉटमेल आणि आउटलुक डॉट कॉमवरही १६ सप्टेंबर २०२४ पासून नुसता पासवर्ड चालत नाही. आणि जीमेलच्या सेटिंग्जमध्ये आयमॅप चालू करायचं बटण शोधत बसू नका, जानेवारी २०२५ पासून ते कायम चालूच असतं.

तुमच्या डोमेनच्या खात्याला मात्र बहुधा नेहमीचाच पासवर्ड लागेल. आवक ९९३ पोर्ट, एसएसएल. जावक ४६५ एसएसएल किंवा ५८७ स्टार्टटीएलएस (दोन्ही जोडणी सुरक्षित करायचे प्रकार). युजरनेमच्या जागी पूर्ण ईमेल पत्ता टाका. २५ नंबरचं पोर्ट लावू नका, बऱ्याच इंटरनेट कंपन्या ते अडवतात.

कॉलेजरोड_कट्टा

माझं मत वेगळं आहे. एवढा खटाटोप कशाला? जीमेल क्रोममध्ये ऑफलाइन चालतं. सेटिंग्जमध्ये 'ऑफलाइन' नावाचा टॅब आहे, ७, ३० किंवा ९० दिवसांचं मेल साठवून ठेवतं. जीमेलचा शोध जितका झटपट आहे तितका कुठल्याच प्रोग्रॅमचा नाही. नवं काही शिकायला नको, ऑफिसातला मुलगा बदलला तरी त्याला जीमेल येतंच.

द्राक्षबाग

कट्टाभाऊ, ९० दिवसांत भागतं त्यांच्यासाठी ठीक. आमचं नाही भागत.

पिंपळगावला आमचं पॅकहाऊस आहे, द्राक्षं युरोपला जातात. सीझनमध्ये एका कंटेनरमागे किती कागद असतात ते सांगतो: लॅबचा रेसिड्यू रिपोर्ट, ग्रेपनेटवरची नोंद, ॲगमार्क, फायटोसॅनिटरी, पॅकिंग लिस्ट, इन्व्हॉइस, बिल ऑफ लेडिंग, वाटेतल्या टेंपरेचर लॉगरचा डाटा. सगळं मेलवर. न्हावा-शेव्याहून कंटेनर सुटला की विषय संपला असं नसतं. माल तिकडे पोचल्यावर क्वालिटीवरून वाद निघतो आणि मग मागच्या वर्षीच्या त्याच प्लॉटचा रिपोर्ट काढून दाखवावा लागतो. ९० दिवसांत आमचा एक सीझनसुद्धा मावत नाही.

दुसरं, पॅकहाऊसवर नेट म्हणजे मोबाइलचं. लाइट गेली, टॉवर झोपला की संपलं. थंडरबर्डमध्ये सगळं लॅपटॉपवर उतरलेलं असतं. उत्तर लिहून ठेवायचं, ते आउटबॉक्समध्ये राहतं, रेंज आली की 'सेंड अनसेंट मेसेजेस' करायचं. मला तरी यापेक्षा सोयीचं काही मिळालेलं नाही. खरेदीदारांची खाती वेगळी, लॅबचं वेगळं, बँकेचं वेगळं, सगळी डाव्या बाजूला एकाखाली एक दिसतात.

नानाकाका_नाशिकरोड

तुम्ही आज जे नवीन म्हणून करताय ते आम्ही डायलअपवर करत होतो, आणि तेव्हा तर दुसरा मार्गच परवडत नव्हता. माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. फोनचं बिल कॉलवर चढायचं. त्यामुळे मोडेमने नंबर फिरवायचा, आउटलुक एक्सप्रेसमध्ये 'सेंड अँड रिसीव्ह' दाबायचं, मेल उतरलं की लाइन तोडायची आणि मग निवांत वाचायचं. लोक माझ्याकडे बायोडाटा मेल करायला यायचे, मी दिवसभराचे जमवून संध्याकाळी एकदम पाठवायचो.

अडचण यायची ती वेबवरच्या मोफत खात्यांची. पानावर वाचायचं असेल तर लाइन चालू ठेवा. हॉटमेल आउटलुक एक्सप्रेसमध्ये थेट यायचं, दोन्ही मायक्रोसॉफ्टचीच. याहूने २००२ मध्ये पॉपची मोफत सोय बंद केली आणि त्याचे पैसे लावले. मग काही हुशार मंडळींनी 'वायपॉप्स', 'फ्रीपॉप्स' असे छोटे प्रोग्रॅम बनवले. ते आपल्याच संगणकावर बसून मेल प्रोग्रॅमला सांगायचे की मी पॉप सर्व्हर आहे, आणि मागच्या दाराने याहूचं वेबपान उघडून त्यातून मेल खरवडून आणायचे. याहूने पानाची रचना जरा बदलली की सगळं ठप्प, मग नवीन आवृत्ती येईपर्यंत वाट बघा.

जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं ते १ जीबी जागा घेऊन. तेव्हा हॉटमेलवर २ एमबी आणि याहूवर ४ एमबी मिळत होती, त्यामुळे लोकांना ती एप्रिल फूलची थाप वाटली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी पॉप फुकट दिलं आणि डिसेंबरमध्ये थंडरबर्डची १.० आवृत्ती आली. आयमॅप यायला मात्र ऑक्टोबर २००७ उजाडलं. माझ्या मते तिथून पुढे हा प्रश्न सुटलाच होता, मग स्मार्टफोन आले आणि लोक प्रोग्रॅम विसरले.

चुलीवरची_मिसळ

काका, बायोडाटा पाठवायला मी आलो असेन तुमच्याकडे! बिटको चौकाजवळ ना?

नानाकाका_नाशिकरोड

जवळच. नोकरी लागली का?

चुलीवरची_मिसळ

लागली काका, सातपूरला. अजून तिथेच आहे 🙏

गोदाकाठ

चला, मूळ विषयावर येऊ. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही आणि खरा धोका तिथेच आहे.

आयमॅप म्हणजे आरसा. संगणकावर दिसतं ते सर्व्हरवर जे आहे त्याचं प्रतिबिंब. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, आणि तिथे कुणी मोबाइलवरून पुसलं तर इथूनही जातं. त्यामुळे 'थंडरबर्डमध्ये आलंय ना, आता जीमेलमधून काढून टाकू' असं कुणी केलं तर पुढच्या सिंकला, म्हणजे दोन्हीकडचं मेल जुळवताना, दोन्हीकडून साफ. माझ्या ओळखीच्या एका सीए ऑफिसात आर्टिकलशिपच्या मुलाने जागा करायची म्हणून वेबवरून जुनी मेल उडवली. ट्रॅश तीस दिवसांनी आपोआप रिकामा झाला. असेसमेंटची नोटीस त्यानंतर आली.

कायमची प्रत हवी असेल तर ती 'लोकल फोल्डर्स'मध्ये गेली पाहिजे. थंडरबर्डमध्ये खात्यांच्या खाली हे वेगळं झाड असतं, त्याचा कुठल्याही सर्व्हरशी संबंध नाही. तिथे '२०१९', '२०२०' असे फोल्डर करा आणि मेल कॉपी करा. कॉपी म्हणतोय, मूव्ह नाही.

पॉपला मात्र उगाच नावं ठेवू नका, चामरलेणी. पॉपने उतरवलेलं मेल पहिल्यापासूनच आपल्या डिस्कवर, आपल्या ताब्यात असतं. एकच संगणक असलेल्या माणसाला तेच बरं. फक्त 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर'वर खूण पाहिजे, नाहीतर ऑफिसच्या संगणकाने उचललेलं मेल मोबाइलवर दिसत नाही.

चामरलेणी

नावं नाही ठेवली भो. ताईंकडे दोन माणसं आणि मोबाइल आहेत म्हणून आयमॅप म्हटलं. एकाने वाचलेलं दुसऱ्याला वाचलेलं दिसायला नको का? पॉपमध्ये पाठवलेलं मेलसुद्धा ज्याने पाठवलं त्याच्याच संगणकावर राहतं. दोघं एकाच पुरवठादाराला दोन वेगळे दर कळवून बसतील.

गोदाकाठ

हे मान्य. दोन माणसांना आयमॅपच.

सोमेश्वर

गोदाकाठ यांच्या म्हणण्यात एक भर घालतो, कारण जीमेलच्या बाबतीत लोक इथे हमखास अडकतात.

जीमेलमध्ये फोल्डर नाहीत, लेबल आहेत. एकाच मेलला 'इनबॉक्स' आणि 'पीओ' अशी दोन लेबलं असली की थंडरबर्डमध्ये ते दोन फोल्डरांत दिसतं, आणि वर 'ऑल मेल'मध्ये तिसऱ्यांदा. म्हणून इनबॉक्समधलं मेल तुम्ही लोकल फोल्डरमध्ये मूव्ह केलं तरी जीमेलकडे फक्त इनबॉक्सचं लेबल निघतं. मेल 'ऑल मेल'मध्ये तसंच राहतं आणि जागा एक केबीसुद्धा मोकळी होत नाही. लोक म्हणतात, एवढं काढलं तरी १५ जीबीचा आकडा हलत नाही. तो यामुळे.

मी करतो ते असं. आधी अकाउंट सेटिंग्जमध्ये 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज'मध्ये मेल या संगणकावर ठेवायची खूण आहे ना ते बघायचं. मग फाईल मेनूत ऑफलाइनखाली 'डाउनलोड/सिंक नाऊ'. सगळं उतरल्यावर नेटची वायर काढायची आणि पाच-सहा जुनी, अटॅचमेंटवाली मेल उघडून बघायची. नुसता विषय दिसणं म्हणजे मेल उतरलं असं नाही. पीडीएफ उघडली तर खरं. मग लोकल फोल्डरमध्ये कॉपी, तिथेही पुन्हा उघडून खात्री. आणि मगच ब्राउझरमध्ये जीमेल उघडून, शोधपट्टीतल्या प्रगत शोधात तारीख आणि आकार टाकून जुनी जड मेल निवडायची, डिलीट करायची, ट्रॅश रिकामा करायचा. पुसायचं काम मी कायम वेबवरूनच करतो, तिथे काय जातंय ते स्पष्ट दिसतं.

घाई करू नका. जीमेल आयमॅपवरून दिवसाला साधारण २५०० एमबीच उतरवू देतं. त्याच्या वर गेलात तर खातं काही वेळ अडवलं जाऊ शकतं. तुमची १४-१५ जीबी म्हणजे आठवडाभराचं काम धरा.

चुलीवरची_मिसळ

आठवडाभर सिंक, म्हणजे रोज सिंक लावून मिसळ खायला जायची सोय झाली. ताई, ठिकाण मी सुचवतो.

तपोवन

१५ जीबीवरून आठवलं. मेल काढायच्या आधी बघा की जागा नक्की कशाने भरली आहे. ती जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून आहे. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजतात. आमच्या सोसायटीच्या खात्यात मेल जेमतेम होतं, बाकी सगळे गणपतीचे व्हिडिओ.

आरती_इंदिरानगर

माझा थोडा वेगळा उपयोग. मी घरून भाषांतर आणि डीटीपी करते. प्रकाशकांशी जुना पत्रव्यवहार मेलमध्ये आहे, त्यातला बराच युनिकोडच्या आधीचा. थंडरबर्डमध्ये तो आणला तर काही मेल चौकोन आणि प्रश्नचिन्हांची दिसतात, काही नुसतीच निरर्थक रोमन अक्षरं. कुणाला अनुभव?

नानाकाका_नाशिकरोड

दोन निरनिराळ्या भानगडी आहेत बाई. चौकोन, प्रश्नचिन्हं, विचित्र खुणा दिसतात ती मेल बऱ्याचदा युनिकोडमध्येच असतात, पण पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने एन्कोडिंग चुकीचं लिहिलेलं असतं. मेल उघडून व्ह्यू मेनूतलं 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' दाबा, पुष्कळदा अक्षरं जागेवर येतात. निरर्थक रोमन दिसतं ते श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटांत टाइप केलेलं. तिथे मजकूर मुळात रोमन अक्षरांच्या जागांवरच साठवलेला असतो, मराठी दिसायचं ते त्या फाँटामुळे. मजकूर कॉपी करून वर्डमध्ये टाका आणि तोच फाँट लावा. कायमचं करायचं असेल तर त्या त्या फाँटाचा युनिकोड कन्व्हर्टर वापरा. आणि मूळ मेल पुसू नका, कन्व्हर्टर जोडाक्षरांत गडबड करतात. रफार आणि पहिली वेलांटी नीट तपासा.

आरती_इंदिरानगर

काका, चौकोनवाल्यांपैकी बरीच उघडली! रफाराचं अगदी बरोबर सांगितलंत, 'पर्व'चं भलतंच काहीतरी झालं होतं. मनापासून आभार.

विद्या_अंबड

सगळ्यांचे खूप आभार. ओऑथ लावल्यावर याहू लगेच जोडलं गेलं. डोमेनचं खातंही आलं. व्हॉट्सॲपचा बॅकअप खरंच भला मोठा निघाला, मिस्टरांच्या फोनवरून त्यातले व्हिडिओ वगळले.

काल पुन्हा केबल गेली होती. ऑपरेटर आला, मी थंडरबर्डमध्ये पार्ट नंबर टाकला, ड्रॉइंगची पीडीएफ उघडली, शेजारच्या प्रिंटरवर काढून दिली. नेट संध्याकाळी आलं. एवढ्यासाठीच हे सगळं करायचं होतं.

आता दोन नव्या अडचणी. जीमेलवरून पाठवलेलं प्रत्येक मेल 'सेंट'मध्ये दोनदा दिसतंय. आणि डोमेनच्या पत्त्यावरून एका ग्राहकाला कोटेशन पाठवलं ते त्याच्या स्पॅममध्ये गेलं. आधी वेबमेलवरून जायचं तेव्हा असं होत नव्हतं.

सोमेश्वर

पहिलं सोपं. जीमेलच्या सर्व्हरवरून मेल गेलं की जीमेल स्वतःच सेंटमध्ये प्रत ठेवतं, थंडरबर्ड आणखी एक टाकतो. जीमेलच्या खात्याखाली 'कॉपीज अँड फोल्डर्स'मध्ये प्रत ठेवायची खूण काढा. फक्त जीमेलचीच. डोमेनच्या खात्याची काढली तर तिथलं पाठवलेलं मेल कुठेच राहणार नाही. 'ऑल मेल' रोज सिंक व्हायला नको असेल तर जीमेलच्या वेब सेटिंग्जमध्ये लेबल्सखाली त्याच्यासमोरची 'शो इन आयमॅप'ची खूणही काढा.

दुसऱ्याचं कारण बहुतेक हे: तुमचं डोमेनचं खातं जावक सर्व्हर म्हणून जीमेलचा वापरतंय. थंडरबर्डमध्ये एक डिफॉल्ट जावक सर्व्हर असतो, नवीन खात्याला कधी कधी तोच चिकटतो. मग कोटेशन तुमच्या डोमेनचं आणि मेल निघतं गुगलकडून. समोरचा सर्व्हर पत्ता आणि मेल जिथून आलं तो सर्व्हर यांचा मेळ बघतो. तो बसला नाही की संशय. खात्याच्या पहिल्याच पानावर तळाशी 'आउटगोइंग सर्व्हर' दिसेल, तिथे होस्टिंगवाल्याचा निवडा.

द्राक्षबाग

पत्त्यावरून विषय निघालाच आहे तर एक सांगतो, निर्यातवाल्यांनी तरी जरूर वाचा.

गेल्या सीझनला आमच्या खरेदीदाराच्या नावाने मेल आलं: आमचं बँक खातं बदललंय, ॲडव्हान्सचा परतावा नव्या खात्यात करा. नाव तेच, सहीखालचा लोगो तोच, मागच्या पत्रव्यवहाराची शेपूटसुद्धा जोडलेली. पत्त्यात एका अक्षराचा फरक. थंडरबर्डमध्ये ओळखीच्या माणसांचं नुसतं नाव दाखवायची सेटिंग असते आणि नवख्या माणसाची नजर नावावरच जाते. आमच्या अकाउंटंट मॅडमनी कंट्रोल-यू दाबून मेलचा सोर्स उघडला, 'रिप्लाय-टू' (उत्तर ज्या पत्त्यावर जाणार तो) भलताच निघाला. मग थेट रॉटरडॅमला फोन. त्यांचं खातं बदललेलंच नव्हतं.

तेव्हापासून मेल उघडल्यावर वरच्या पट्टीच्या 'कस्टमाइझ'मध्ये जाऊन पूर्ण पत्ता कायम दिसेल असं लावलंय. आणि बँक खातं बदलायचं मेल आलं की फोनशिवाय एक रुपया हलत नाही.

कॉलेजरोड_कट्टा

बघा, म्हणूनच मी ब्राउझर म्हणतो. जीमेलच्या पानावर असल्या मेलवर पिवळी-लाल पट्टी येते. तुमच्या प्रोग्रॅममध्ये ती येत नाही.

द्राक्षबाग

बरोबर आहे, ती पट्टी इथे येत नाही. जीमेलने स्पॅममध्ये टाकलेलं इथेही स्पॅममध्येच असतं, पण इनबॉक्समध्ये येऊन वर इशारा मिळतो ते इथे दिसत नाही. शंका आली की मी तेच मेल ब्राउझरमध्येही उघडून बघतो. दोन्ही वापरायला काय हरकत आहे?

कॉलेजरोड_कट्टा

हे मात्र पटलं.

रामशेज

नव्या विंडोजमध्ये जे 'आउटलुक (नवीन)' आपोआप येतं तेच वापरलं तर? थंडरबर्ड कशाला वेगळा टाकायचा?

सोमेश्वर

वापरता येतं. पण एक माहीत असू द्या. त्यात जीमेल, याहू किंवा दुसरं आयमॅप खातं जोडलं की तुमच्या मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्येही सिंक होते. खातं जोडताना ते तसं विचारतात, लोक 'कंटिन्यू' दाबून पुढे जातात. थंडरबर्डमध्ये मेल सर्व्हरवरून थेट तुमच्या संगणकावर येतं, मधे कुणी नाही. ग्राहकाच्या ड्रॉइंगवर गोपनीयतेचा करार केला असेल तर हा फरक महत्त्वाचा आहे. माझ्या एमआयडीसीतल्या ग्राहकांना मी थंडरबर्डच टाकून देतो.

गोदाकाठ

आणि ऑफिसच्या संगणकावर थंडरबर्डला 'प्रायमरी पासवर्ड' लावा. नाहीतर सेटिंग्जमध्ये 'सेव्ह्ड पासवर्ड्स' उघडून कुणीही डोमेनचा पासवर्ड वाचू शकतो. माणूस नोकरी सोडून गेला की गुगल खात्याच्या सुरक्षा पानावर जाऊन तिथून थंडरबर्डचा प्रवेश काढायचा आणि पासवर्ड बदलायचा. किल्ल्या परत घेतो तितक्याच रीतसर हेही करा.

विद्याताई, लोकल फोल्डर्समध्ये कॉपी केलंत का? केलं असेल तर ती प्रत आता फक्त त्या एका डिस्कवर आहे. दुसऱ्या डिस्कवर घेतल्याशिवाय जीमेलमधून काहीही पुसू नका, माझी हात जोडून विनंती आहे.

विद्या_अंबड

अजून काही पुसलेलं नाही. २०२१ पर्यंतचं कॉपी झालंय, बाकीचं रोज थोडं थोडं चालू आहे. आउटगोइंग सर्व्हर बदलला, कालचं कोटेशन ग्राहकाला इनबॉक्समध्येच मिळालं. दुसऱ्या डिस्कवर नक्की काय घ्यायचं, पूर्ण थंडरबर्ड का?

सोमेश्वर

प्रोग्रॅम नको, तो परत उतरवता येतो. घ्यायचा तो 'प्रोफाइल' फोल्डर, तुमचं मेल आणि सेटिंग्ज त्यात असतात. हेल्प मेनूत 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडलं की 'प्रोफाइल फोल्डर'समोर उघडायचं बटण असतं. फोल्डर सापडला की थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि मगच कॉपी करा. चालू असताना कॉपी केली तर फाइल अर्धवट जाऊ शकते. त्याच्याआधी फाईल मेनूतून 'कॉम्पॅक्ट फोल्डर्स' करा. थंडरबर्ड एका फोल्डरची सगळी मेल एकाच मोठ्या फाइलमध्ये ठेवतो आणि पुसलेलं मेल कॉम्पॅक्ट करेपर्यंत त्या फाइलमधून जात नाही. टूल्समध्ये एक्सपोर्टची सोयही आहे, पण प्रोफाइल २ जीबीपेक्षा मोठं असेल तर ती चालत नाही, तुमचं मोठंच असणार.

द्राक्षबाग

माझी पेनड्राइव्हवर कॉपी मधेच थांबते. जागा भरपूर आहे तरी 'फाइल खूप मोठी' म्हणते.

सोमेश्वर

पेनड्राइव्ह फॅट-३२ असणार. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, आणि तुमच्या इनबॉक्सची फाइल त्याच्या वर गेली असेल. आतलं सगळं आधी दुसरीकडे काढून ठेवा, मग पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. शिवाय इनबॉक्समधलं मेल सीझननुसार वेगवेगळ्या फोल्डरांत विभागा, फाइली लहान राहतील आणि शोधही हलका होईल.

द्राक्षबाग

एक्सफॅट केला, कॉपी पूर्ण झाली. आता उरलेल्या दोन सीझनचे फोल्डर रविवारी करतो, शनिवारी दोन कंटेनर भरायचे आहेत.